नृपतुंग बेट्टावरचा बिबट्या आणि न सापडणारा बिगफुट

सप्टेंबर २०२१मध्ये हुबळीच्या नृपतुंग बेट्टावर बिबट्या दिसल्याची बातमी आली आणि पुढचे काही दिवस सगळं शहर त्या टेकडीकडे डोळे लावून बसलं. आसपासच्या शाळा बंद राहिल्या, वनखात्याने पिंजरे लावले, झाडांना कॅमेरे बांधले. राजनगर भागात शोध चालू असतानाच २६ सप्टेंबरला धारवाडजवळच्या कवलगेरी गावात एक बिबट्या पिंजऱ्यात अडकला. हा हुबळीचाच की दुसरा, यावर दोन्ही शहरांत चर्चा रंगली. वनखात्याने मात्र त्या वादात न पडता नमुने डीएनए तपासणीला पाठवण्याचा मार्ग धरला.

हा प्रसंग इथे सांगायचं कारण वेगळं आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलात दोन पायांवर चालणारा, केसाळ, माणसापेक्षा उंच असा ‘बिगफुट’ राहतो, असं मानणारे हजारो हौशी शोधक आहेत. रात्र-रात्र जंगलात थांबून ते त्याच्या सवयींची चर्चा करतात, आवाज टिपतात, ठशांचे साचे काढतात. मोबाइलमुळे हे कुतूहल आता आपल्याकडेही पोचलं आहे. दांडेलीच्या किंवा कप्पतगुड्डाच्या जंगलात फिरणारी तरुण मंडळीही हे व्हिडिओ पाहतात. कुतूहल चांगलंच आहे. पण बिगफुटच्या बाजूने जे युक्तिवाद नेहमी केले जातात, ते आपल्या शेजारच्या खऱ्याखुऱ्या बिबट्याशेजारी ठेवून पाहिले की त्यातलं कच्चेपण लगेच कळतं.

गैरसमज: तो फार लाजाळू आहे, म्हणून पुरावा मिळत नाही

बिबट्याइतका दडून राहणारा मोठा प्राणी आपल्या मुलखात दुसरा नाही. ५ ऑगस्ट २०२२ रोजी बेळगावच्या जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर बिबट्याने हल्ला केला आणि तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. मग भर शहरातल्या त्या जागेत कित्येक आठवडे शोध चालला. शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून दोन हत्ती आणले, भोवतालच्या बावीस शाळा बंद ठेवल्या. बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही. एखादा मोठा प्राणी माणसांच्या गराड्यात राहून सगळ्यांना चकवू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर बेळगावकरांना पुस्तकात शोधावं लागणार नाही.

पण तो सापडला नाही म्हणून तो होता की नव्हता, असा प्रश्न कोणी विचारला नाही. जखमी माणूस होता, कॅमेऱ्यात आलेली छबी होती. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम याहून बोलकं आहे. तिथे राखीव जंगल नाही; ऊस, वाड्यावस्त्या आणि रात्री बांधलेली जनावरं आहेत. तरीही कॅमेऱ्यांच्या आधारे त्यांनी दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचं २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं. गावकऱ्यांना क्वचित दिसणारा प्राणी मोजता आला, एकेकाला ठिपक्यांवरून वेगळं ओळखता आलं.

त्यांच्याच अभ्यासातला ‘आजोबा’ मराठी प्रेक्षकांना सुजय डहाके यांच्या २०१४च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. विहिरीत पडलेला हा बिबट्या २००९मध्ये गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वस्त्या, रस्ते, रेल्वेमार्ग ओलांडताना त्याने कुणाला त्रास दिला नाही. पुढे २०११मध्ये एका वाहनाच्या धडकेत तो मेला आणि शरीरातल्या चिपवरून त्याची ओळख पटली.

बिगफुटच्या बाबतीत नेमकं हेच होत नाही. जंगलात मेलेलं अस्वल तरी कुणाला सहज दिसतं का, असा प्रश्न शोधक करतात. सहज दिसत नाही, हे खरं आहे. पण रस्त्यावर मेलेली अस्वलं आहेत, शिकाऱ्यांनी मारलेली आहेत, संग्रहालयांत त्यांच्या कवट्या आहेत. शिवाय एकटा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. माद्या हव्यात, पिल्लं हवीत. म्हणजे किमान शेकड्यांनी जनावरं हवीत, आणि तेवढ्यांची हाडं, विष्ठा, खाल्ल्याच्या खुणा हव्यात. भारतात २०१८च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं निघाली. वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७. अमेरिकेतही हरणांच्या शिकाऱ्यांनी जंगलभर कॅमेरे बांधलेले असतात. त्यांत अस्वलं, पुमा, लांडगे येतात. बिगफुटचं निर्विवाद छायाचित्र एकही नाही. दिसत नसलेला प्राणी आणि खुणाच नसलेला प्राणी यांत मोठा फरक आहे, आणि या सगळ्या वादाचं मर्म तिथेच आहे असं मला वाटतं.

गैरसमज: एवढा मोठा ठसा ओळखीच्या कुठल्याच प्राण्याचा नसतो

असतो. अस्वल माणसासारखंच पूर्ण तळवा टेकून चालतं, त्यामुळे त्याच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो. पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय अर्धवट पडला की दोन्ही मिळून एक लांबलचक पाऊल तयार होतं. आपल्याकडचं अस्वल दाट काळ्या केसांचं असतं, मागच्या पायांवर उभं राहतं आणि मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. संधिप्रकाशात अशी आकृती पाहणाऱ्याला ती काय वाटेल, याचा विचार करून पाहावा.

त्यात जमिनीचाही हात असतो. धारवाड ज्या पट्ट्यात वसलं आहे, तिथे पश्चिमेकडची मलनाडची तांबडी माती संपते आणि पूर्वेकडे काळी माती सुरू होते. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते आणि तडकते. ओल्या काळ्या रानात उमटलेलं पाऊल घसरून रुंदावतं, कडा ढासळतात, आणि दोन दिवसांच्या उन्हानंतर तिथे जे उरतं त्यावरून मूळ माप सांगणं धोक्याचं असतं. बर्फात तर हे आणखी झपाट्याने होतं, कारण ठशाच्या कडा वितळत जातात. हिमालयातल्या मकालू शिखराच्या तळाजवळ ९ एप्रिल २०१९ला दिसलेल्या ३२ इंच लांब, १५ इंच रुंद ठशांची छायाचित्रं भारतीय लष्कराने ‘यती’चे, म्हणजे हिमालयातल्या दंतकथेतल्या केसाळ हिममानवाचे ठसे म्हणून ट्विटरवर टाकली, तेव्हा नेपाळी लष्कराकडून ते अस्वलाचे असावेत असं सांगण्यात आलं.

ठशांवर किती विसंबावं, याचा सर्वात कडू धडा आपल्या देशाने सारिस्कात घेतला. राजस्थानच्या त्या व्याघ्र प्रकल्पात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. २००४पर्यंत सरकारी आकड्यात तिथे वाघ होते. २००५मध्ये शोध घेतल्यावर एकही उरला नसल्याचं उघड झालं. शिकाऱ्यांनी ते संपवले होते. ज्यांचं आयुष्य जंगलात गेलं त्या कर्मचाऱ्यांचीही ठशांनी दिशाभूल होऊ शकते, आणि तीही आपण शंभर टक्के ओळखतो अशा प्राण्याच्या बाबतीत. त्यानंतर देशभरातली गणना कॅमेऱ्यांकडे वळली.

शिवाय मुद्दाम केलेले ठसेही असतात. कॅलिफोर्नियाच्या ब्लफ क्रीक भागात १९५८मध्ये रस्त्याच्या कामावर सोळा इंची पावलं दिसली आणि वर्तमानपत्रांतून बिगफुट जगभर पोचला. त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस २००२मध्ये वारले. त्यानंतर कुटुंबीयांनी त्यांनी वापरलेले लाकडी पाय दाखवले.

गैरसमज: केस मिळाले, पण प्रयोगशाळेलाही ओळखता आले नाहीत

ओळखता न येणं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की नमुना अपुरा होता किंवा खराब झाला होता. नवा प्राणी सापडला, असा तो निष्कर्ष नसतो. जिथे तपासणी नीट झाली तिथे उत्तरं मिळाली आहेत. एका शोधकाने १९७६मध्ये अमेरिकेच्या एफबीआयकडे पाठवलेले केस हरणाच्या कुळातले निघाले. ही कागदपत्रं २०१९मध्ये खुली झाली. मेघालयच्या गारो टेकड्यांतल्या ‘मांदे बुरुंग’ या बिगफुटसारख्याच मानल्या जाणाऱ्या प्राण्याचे म्हणून इंग्लंडला पाठवलेले केस २००८मध्ये हिमालयी गोरलचे ठरले. शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने २०१७मध्ये यतीचे म्हणून जपून ठेवलेले नऊ नमुने तपासले. हाडं, दात, कातडी, केस आणि विष्ठा, असं त्यांत सगळं होतं. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. त्या अभ्यासातून हिमालयातल्या तपकिरी अस्वलांचा वंश किती जुना आणि वेगळा आहे हे कळलं, आणि यतीच्या शोधातून मिळालेलं हे ज्ञान मला फार मोलाचं वाटतं.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि सुनील कुमार वर्मा यांनी वन्यजीवांच्या ओळखीसाठी विकसित केलेल्या पद्धतीत मांसाच्या तुकड्यावरून किंवा केसावरूनही प्राण्याची जात सांगता येते. शिकारीच्या खटल्यांत तिचा उपयोग होतो. उद्या कुणाला खरोखरच अनोळखी वानराचा केस सापडला, तर तो ओळखायची सोय आपल्या शेजारच्या राज्यात आहे.

गैरसमज: त्याच्या सवयी आता ठाऊक झाल्या आहेत

झाडावर काठी आपटून तो इशारा देतो, दगड फेकतो, लांब किंचाळतो, फांद्यांचे मांडव रचतो, अशी वर्णनं शोधकांत पक्की झाली आहेत. पण वर्तनाचा अभ्यास करायचा तर आधी प्राणी समोर हवा. इथे उलट घडतं. आवाज आधी ऐकू येतो आणि करणारा कोण, हे नंतर ठरवलं जातं. काळी नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात एक रात्र काढलेल्या माणसाला भेकराचं भुंकणं ठाऊक असतं. पहिल्यांदा ऐकताना ते हरणाच्या जातीतल्या छोट्या प्राण्याचं आहे यावर विश्वास बसत नाही. काही घुबडांची साद माणसाच्या विव्हळण्यासारखी असते. अस्वल वारुळातली वाळवी ओढून घेतं तेव्हाचा आवाज शंभर मीटरपलीकडे जातो. दहा जणांनी एकच वर्णन सांगितलं तरी दहाही जणांनी ते आधी कुठेतरी ऐकलेलं असेल, तर त्याला दहा पुरावे म्हणता येत नाहीत.

प्राचीन महाकाय वानर ‘जायगँटोपिथेकस’ अजून जिवंत आहे, हाही असाच आवडता आधार. तो खरा होता, दक्षिण चीनमध्ये राहत होता आणि दोन लाख वर्षांपूर्वीच नामशेष झाला. त्याचे दात आणि जबडेच मिळाले आहेत. तो दोन पायांवर चालायचा असं सांगणारं एकही हाड नाही, आणि नातं म्हणाल तर ओरांगउटानशी.

आता उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो मला जास्त खटकतो. बिगफुट पाहिल्याचं सांगणारे सगळे थापाडे किंवा वेडे असतात, असं सरसकट म्हटलं जातं. बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं. फ्लो फॉक्सन यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या बिगफुटच्या नोंदी आणि काळ्या अस्वलांची संख्या ताडून पाहिली. जिथे अस्वलं जास्त, तिथे नोंदीही जास्त निघाल्या. भीतीच्या दिवसांत डोळे आणखी फसतात. मे २००१मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’च्या शेकडो तक्रारी पोलिसांकडे आल्या, घाबरून गच्चीवरून पडून माणसं मेली, आणि तपासात असा कुठलाही प्राणी असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्या माणसांची भीती मात्र खरी होती. अशा वेळी त्यांची टर उडवली तर पुढच्या खेपेला खरा बिबट्या पाहिलेला माणूसही तोंड उघडणार नाही.

गैरसमज: शास्त्रज्ञांना शोधायचंच नसतं

याचं उत्तर खानदेशात आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर खात्रीने कुणाला दिसलं नव्हतं. मधल्या काळातली एक नोंद होती: रिचर्ड माइनर्टझॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४मध्ये गुजरातेत मिळवलेला म्हणून सांगितलेला नमुना. पामेला रासमुसेन यांनी जगभरच्या संग्रहालयांतले जेमतेम सात नमुने बारकाईने तपासले आणि हा नमुना चोरीचा असल्याचं उघडकीला आणलं. जुन्याच एका पक्ष्याला नवी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या नोंदीमुळे आधीचे शोध चुकीच्या जागी झाले होते. ती बाजूला ठेवून खरे नमुने जिथून आले होते तिथे त्या गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तोही भर दिवसा, झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचं चित्रण केलं. पुढे तो मेळघाटात आणि तानसाच्या जंगलातही आढळला.

म्हणजे हरवलेल्या प्राण्यासाठी माणसं रानोमाळ फिरतात. आधी खोटा पुरावा बाजूला काढतात आणि मग शोधायला निघतात.

आपल्या भागात कुणाला असा शोध घ्यायची ओढ असेल तर काम पुष्कळ आहे. काळी व्याघ्र प्रकल्पात काळे बिबटे आहेत; ती वेगळी जात आहे असा समज अजूनही घट्ट आहे, पण ते साधे बिबटेच असतात, आणि तिरप्या उन्हात त्यांचे ठिपके दिसतात. कप्पतगुड्डात तरस आणि लांडगे आहेत, आणि त्यांच्याबद्दल गावोगाव जे बोललं जातं त्यातलं कितीतरी तपासायचं राहिलं आहे. अनोळखी ठसा दिसला तर त्याच्या शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा, मग दोन पावलांतलं अंतर मोजावं, पुढच्या-मागच्या सगळ्या ठशांची रांग टिपावी, मातीचा प्रकार आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते लिहून ठेवावं. केस किंवा विष्ठा दिसली तर हात लावू नये. जागा खुणावून वनरक्षकाला कळवावं, कारण अभयारण्यातून काहीही उचलायला परवानगी लागते आणि हाताळलेला नमुना डीएनए तपासणीत बहुधा वाया जातो.