साच्याशिवाय पाइपाच्या कमानी



वाडीत भाजीच्या रोपांवर जाळी ताणायची म्हणून तुम्ही लोखंडी कमानींची चौकशी करता, आणि समोरचा सांगतो, "तुमच्या मापाचा साचा करावा लागेल, त्याचे पैसे वेगळे." जरा थांबा. दहा-वीस कमानींसाठी साचा लागत नाही. गावचा लोहार बैलगाडीच्या चाकांना धावा चढवीत असे, तेव्हा दर चाकाला त्याने कुठे साचा ओतला होता?

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत तीन रुळांच्या यंत्राची चौकशी करा. त्यात मधला रूळ थोडा दाबून पाइप पुढे-मागे फिरवतात. दर फेरीला दाब जरासा वाढवतात. दाब बदलला की गोलाई बदलते. म्हणून एकाच यंत्रावर लहान-मोठी कमान होते. रुळाची खाच मात्र तुमच्या पाइपाच्या मापाची हवी, नाहीतर पाइप चपटा होतो. घाईने एकदम दाबला तरी तेच. चपट्या पाइपात जोर राहत नाही. मी उभा राहून करवून घेतलेली पहिली कमान अशीच भंगारात गेली.

आता माप. बाजारातला पाइप साधारण २० फुटी. त्याच्या दोन्ही टोकांचा थोडा भाग रुळांत नीट वाकत नाही, सरळच राहतो. तो दोष मानू नका, तेच कमानीचे पाय! दीड-दीड फूट पाय जमिनीत गेले की १७ फूट उरतात. त्याची अर्धगोल कमान सुमारे १० फूट १० इंच रुंद आणि मधोमध ५ फूट ५ इंच उंच होते.

अंगणात खिळा ठोकून ५ फूट ५ इंच दोरीने चुन्याची रेघ मारा. यंत्रातून सुटलेला पाइप किंचित उलगडतो, तेव्हा माप यंत्रावर घेऊ नये, या रेघेवर घ्यावे. एक कमान बरोबर बसली की बाकीच्या तिच्यावर ठेवून ताडून पाहा.

यंत्र जवळ नसेल आणि पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर रेघेवर मजबूत खुंट ठोकून दोघांनी तो हळूहळू त्यांना टेकवावा. इथे दोरी थोडी आखूड घ्या, कारण पाइप उलगडणारच. किती आखूड, ते एका पाइपावर करून बघा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप भट्टीत तापवू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि जस्त उडालेला पाइप आपल्या खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाचा वारा आठवा. तशी सूचना आली की जाळी आधी उतरवा, कमानी टिकतील. आणि कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग द्या, पाय गाडण्यापूर्वीच.