आजारपणाचे कागद आणि त्यांची राखण

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, एक कापडी पिशवी असते. आजोबांच्या छातीचे क्ष-किरण छायाचित्र, सुनेच्या बाळंतपणाचे कागद, धाकट्याच्या लसीकरणाचे कार्ड असे सारे काही तीत कोंबलेले असते. ही पिशवी पाहुण्यांसमोर उघडावयाची नाही, हे घरात कोणाला शिकवावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत या पिशवीतील बराचसा ऐवज सरकारी संकेतस्थळांवर जाऊन बसला आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले आणि ‘को-विन’वर कोट्यवधी नावे नोंदली गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा देशभर आरंभ झाला व ‘आभा’ हा चौदा आकडी क्रमांक आपल्या परिचयाचा झाला. यातली सोय खरी आहे. साताऱ्याची आई इंदूरच्या मुलाकडे राहावयास गेली, तर दोन्ही ठिकाणची रुग्णालये या व्यवस्थेत सामील असल्यास तिच्या संमतीने तिचे मागील अहवाल तेथील डॉक्टरांना पाहता येतात. हे अहवाल एकाच कोठारात साठविलेले नसतात. ते जेथे तयार झाले तेथेच राहतात, ही या योजनेतील शहाणपणाची गोष्ट होय. परंतु ‘जेथे तयार झाले तेथे’ राखण कशी आहे, हा प्रश्न मागे उरतोच.

अशी माहिती चोरीस जाते म्हटले की कोणी अट्टल संगणकतज्ज्ञ आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात दार पुष्कळदा नुसते लोटलेलेच असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पश्चिम बंगालच्या आरोग्य विभागासंबंधी असाच प्रकार उघडकीस आला. कोविडची चाचणी केलेल्या माणसाला मोबाइलवर एक दुवा येई आणि तो उघडला की अहवाल दिसे. त्या दुव्यातच चाचणीचा अनुक्रमांक सहज उलगडता येईल अशा सांकेतिक रूपात होता. तो एकाने वाढविला की शेजारच्या माणसाचा अहवाल समोर! नाव, वय, पत्त्याचा काही भाग, चाचणीचा निकाल, सारे काही. ऐंशी लाखांहून अधिक अहवाल अशा रीतीने उघडे पडल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. येथे कुलूप फोडावे लागले नाही. कुलूप लावलेलेच नव्हते.

‘को-विन’चा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. १२ जून २०२३ रोजी असे वृत्त आले की, टेलिग्रामवरील एका स्वयंचलित खात्याला मोबाइल क्रमांक दिला की तो त्या व्यक्तीचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक व लसीकरण केंद्र सांगतो. आरोग्य मंत्रालयाने या वृत्तास आधार नसल्याचे सांगितले. ओटीपीवाचून माहिती मिळत नाही आणि ‘को-विन’वर पत्ता घेतलाच जात नाही, हेही निदर्शनास आणले. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेकडे चौकशी सोपविण्यात आली. हे खाते ‘को-विन’च्या भांडारातून थेट माहिती घेत नसल्याचा तिचा प्राथमिक निष्कर्ष होता. पुढे दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकास अटकही केली.

मला या प्रसंगातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. ‘को-विन’वर एका मोबाइल क्रमांकावर आरंभी चार व जानेवारी २०२२ पासून सहा जणांची नोंद होऊ शके. घरात ज्याला मोबाइल चांगला हाताळता येई, त्याच्या क्रमांकावर आजी, काकू, भाचे, सगळे नोंदले गेले. म्हणजे एक क्रमांक हाती लागला की उभे कुटुंब हाती लागले.

दिल्लीच्या ‘एम्स’मधील २३ नोव्हेंबर २०२२ च्या हल्ल्यात तर पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद होऊन पडली. सुमारे दोन आठवडे बरेचसे काम कागदावर चालले. जाळ्याची नीट विभागणी नव्हती, हे कारण सरकारने संसदेत दिले: एका खोलीचे दार उघडले की साऱ्या वाड्यात शिरता यावे, तसे.

बँकेचा परवलीचा शब्द बदलता येतो. झालेला क्षयरोग बदलता येत नाही. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि ‘नि-क्षय’वर नोंद झाल्यानेच त्याला पोषणासाठी रक्कम मिळते: एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, तर नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. आता लग्नाच्या वयाची एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. आपले नाव फुटेल या भीतीने तिच्या घरच्यांनी खोटा पत्ता दिला, तर आरोग्यसेविका तिच्यापर्यंत पोहोचणार नाही, औषध मध्येच सुटेल, आणि त्याच घरातील लहान मुलांना संसर्गाचा धोका राहील.

कायदा आता आला आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती फुटल्यास संबंधितांना तसे कळविणे या तरतुदींनी बंधनकारक होते. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. लाभ वा सेवा देण्यासाठी मात्र सरकारला काही अटींवर निराळी संमती न घेता माहिती वापरता येते. जेथे संमती विचारली जात नाही, तेथे राखण अधिक कसोशीने व्हावी, अशी अपेक्षा धरणे गैर नव्हे. संमतीसाठी द्यावयाची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येईल, असेही कायदा म्हणतो. अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला याचा आनंद आहे, आणि धास्तीही. कारण सरकारी मराठीतील संमतिपत्र इंग्रजीहून दुर्बोध करण्याची आमची हातोटी जुनी आहे.

वाचकहो, आपल्या हाती थोडेच आहे, पण ते क्षुल्लक नाही. सायबर कॅफेत प्रमाणपत्र छापून घेतले की त्या संगणकावरील प्रत पुसून टाकावी. पुष्कळ कागद तेथूनच फुटतात. जुना मोबाइल क्रमांक सोडताना आरोग्याच्या नोंदीतील क्रमांक आधी बदलावा, कारण काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला मिळतो. ‘आभा’ ऐच्छिक आहे. काढलेले खाते बंदही करता येते. ठकविले गेल्यास १९३० वर तत्काळ कळवावे.

अलीकडे एका रुग्णालयाच्या खिडकीपुढे मी उभी होते. काचेपलीकडील कारकून प्रत्येकाला आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ‘कोणता आजार?’ असे मोठ्याने विचारी, व उत्तर पुन्हा मोठ्याने उच्चारून टंकीत करी. माझ्या पुढच्या बाईंनी शेवटचे उत्तर इतके हळू दिले की त्यांना ते तीनदा सांगावे लागले. तोवर रांगेतल्या सर्वांना ते ऐकू गेले होते. माझी पाळी आली तेव्हा मी सारे एका चिठ्ठीवर लिहून ती खिडकीतून आत सरकविली. त्याने ती वाचली, टंकीत केली आणि मला परत दिली. रांग काही खोळंबली नाही.