अर्धा दिवस रेल्वेचा

पहाटे पावणेपाच. डिसेंबरात जबलपूरची थंडी हाडात शिरते आणि सगळ्यात आधी घोट्यांत. पलंगावर बसूनच दोन्ही पाय गोल फिरवायचे. उजवा बिनतक्रार फिरतो, डावा कटकट करतो. आई स्वयंपाकघरातून विचारते, "उठलीस का गं? लाडू बॅगेत टाकलेत हं." माझ्या आधी ती का उठते, हे विचारणं मी कधीच सोडून दिलं आहे.

साडेपाच. बॅडमिंटन हॉलचे चौकीदार भैया अर्धेच दिवे लावतात. उरलेले दिवे कोच सर आल्यावर. तोवर मी शटलची तयारी करते. हे काम मी कुणाला देत नाही. शटलला सोळा पिसं आणि वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. एवढ्याशा वस्तूचे नखरे मात्र नवरदेवाचे. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात, चार स्मॅशमध्ये शटलचा खराटा होतो. म्हणून आदल्या रात्री नळीचं झाकण काढून पिसांच्या बाजूनं किटलीची वाफ द्यायची आणि नळी उभी ठेवून झोपायचं. थंडीत हवा दाट असते, शटल मध्येच दमतं. मग 78 नंबरचं जरा वेगवान शटल काढायचं. मे महिन्यात तेच वापरलं तर प्रत्येक टॉस, म्हणजे उंच फटका, बाहेर. तेव्हा 76 नंबरसुद्धा सुसाट पळतं.

तपासायची रीत नियमपुस्तकातलीच आहे. बेसलाइनवरून खालून पूर्ण ताकदीनं मारायचं. समोरच्या बेसलाइनच्या आत 53 ते 99 सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर शटल बरोबर. जास्त पळालं तर पिसांची टोकं किंचित दुमडायची. ही युक्ती पुस्तकात नाही, पण ती न येणारा खेळाडू मला भेटलेला नाही.

नव्या शटलांवर फक्त गेम. पिसं जरा विस्कटली की ती मल्टीशटलच्या टोपलीत. पार मोडली की संध्याकाळी लहान मुलांना सर्व्हिस शिकवायला. चांगल्या शटलची डझनाची नळी दोन हजारांच्या वर जाते आणि आमच्या जोरदार गेममध्ये डझन संपायला एक सकाळ पुरते. खेळाडूला दम कशानं लागतो असं कुणी विचारलं, तर मी आधी शटलच्या नळीकडे बोट दाखवीन.

सहा ते आठ. एकेरीत माझ्या वाट्याला 6.70 बाय 5.18 मीटरची जमीन येते. तेवढ्यात सहा कोपरे. सर नेटपलीकडून टोपलीतली शटलं फेकत राहतात, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि मी धावत राहते. बोलणं एवढंच: "परत मधे ये!" फटका मारून झाल्यावर मधे परत येणं, हाच माझ्या मते या खेळातला सगळ्यात अवघड फटका. टीव्हीवर तो दिसत नाही, कारण तेव्हा कॅमेरा शटलच्या मागे गेलेला असतो.

साडेआठ. पोहे. शेजारच्या टेबलावर खोव्याची काळी जलेबी येते, जबलपूरची शान. स्पर्धा तोंडावर असली की मी पाठ करून बसते.

साडेनऊ. ऑफिस. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय 2003 पासून जबलपुरात आहे. मी तिथे खेळाडू कोट्यातून लागले. फायली, नोंदी, सह्या, दुपारी सरावाला सुट्टी, स्पर्धेला विशेष रजा. शेजारचे शुक्लाजी परवा म्हणाले, "मॅडम, कल टीवी पे आपका मैच था क्या?" पी. व्ही. सिंधूचा होता. मी "हाँ, हार गई" म्हटलं आणि त्यांनी हळहळून मला चहा पाजला.

नातेवाइकांना मात्र ही नोकरी खटकते. "खेळाडू आहेस, तर कारकुनी कशाला?" या देशातलं बॅडमिंटन बरंचसं अशाच खुर्च्यांवर उभं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. 1980 ते 1987 सलग आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला सय्यद मोदी रेल्वेचा. सलग नऊ वेळा जिंकणारी मुंबईची अपर्णा पोपट इंडियन ऑइलची. ऑलिम्पिकचं रौप्य घेऊन आलेल्या सिंधूलाही 2017 मध्ये आंध्र सरकारनं उपजिल्हाधिकारी केलं. आमच्या आजोबांचे लाडके सांगलीचे नंदू नाटेकर. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, 1961 चा या खेळातला पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांचाच. त्यांच्या काळी या खेळात बक्षिसाची रक्कम नव्हती. आता आहे, पण ती कुणाच्या पदरात पडते ते रात्रीच्या हिशेबात येईलच.

एक वाजता डबा, दीड ते अडीच झोप. तीही सरावातच धरतात.

साडेतीन. कोर्टवर मुलांबरोबर गेम. त्यांचे स्मॅश माझ्यापेक्षा जोरात येतात, पण नेटवर त्यांना धीर नसतो. मी ड्रिबल टाकत राहते, शेवटी एखादा वैतागून नेटमध्ये मारतो. आज दुसऱ्या गेमला 17-17 असताना रॅकेटची तार तुटली. दुसरी रॅकेट तार बसवायला टाकलेली, तिसरीचा ताण दोन पौंड कमी. शटल ताब्यात राहायच्या ऐवजी तरंगत गेलं आणि गेम हातचा गेला. पोरगा खूश. जिंकला तो रॅकेटमुळे, असं मी म्हटलं नाही. म्हणायचं मनात मात्र होतं.

सहा वाजता लहान मुलं. मोडकी शटलं आता कामाला येतात. या वयात रॅकेट कशी धरायची एवढं नीट बसलं तरी पुष्कळ. बहुतेक जण ती तव्यावरच्या उलथन्यासारखी पकडतात. पालक बाकावर बसून चित्रण करतात. एक बाबा रोज विचारतात, "ताई, हिला स्टेटला कधी उतरवायचं?" मुलगी आठ वर्षांची आहे. मी म्हणते, आधी तिला दोरीवरच्या उड्या आवडू देत.

साडेआठ. घर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि वही. पुढची स्पर्धा परदेशात खेळायची तर विमान, हॉटेल, प्रवेश फी. समजा बक्षिसांची एकूण रक्कम एक लाख डॉलर आहे. एकेरीच्या विजेत्याला त्यातले साडेसात टक्के, म्हणजे साडेसात हजार डॉलर मिळतात. उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला 0.6 टक्का, सहाशे डॉलर. शेवटच्या सोळांत हरलात तर साडेतीनशे. त्याआधीच्या फेरीत हरणाऱ्याला काहीच नाही. माझ्या तब्येतीचं, वयाचं आणि क्रमवारीचं गणित मला कळतं. पहिल्या पंचवीस-तीस जणींसाठी हा व्यवसाय आहे. त्याखालच्यांसाठी नोकरीच्या पगारावर पोसलेली मेहनत. हे कडू वाटेल, पण तरुण पोरांना कुणीतरी सांगायला हवं. पदवी पूर्ण करा, नोकरीचा अर्ज भरा आणि मग हवं तेवढं खेळा.

दहा वाजता फोनवर ड्रॉ आला. या वेळची स्पर्धा देशातलीच आहे. पहिल्या फेरीत मला चौथं मानांकन असलेली मुलगी. आईनं विचारलं, "सोपी आहे का गं?" मी म्हटलं, "तिला विचारावं लागेल."

तुमच्या गावात अशी स्पर्धा लागली, तर अंतिम सामन्याच्या रविवारी येऊ नका. त्या दिवशी गर्दी असतेच. पहिल्या दिवशी सकाळी या. अशा स्पर्धांना बहुधा तिकीट नसतं, खुर्च्या रिकाम्या असतात आणि आमच्यापैकी निम्म्याहून जास्त जण त्याच दिवशी हरून परतीची गाडी पकडतात.