विश्लेषण : सोसायटीची सभा गच्चीवर, व्हीलचेअर तळमजल्यावर... उपनगरांतील दिव्यांगांचा सहभाग कुठे अडतो?

डोंबिवली असो, विरार असो की बदलापूर, उपनगरांतील जुन्या चार मजली इमारतींमध्ये लिफ्ट नाही आणि सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र गच्चीवर, हे चित्र नवे नाही. अशा इमारतीत व्हीलचेअर वापरणारा सभासद तळमजल्यावर राहत असेल तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते. पाण्याची टाकी, दुरुस्ती निधी, पुनर्विकासाचा विकासक अशा सगळ्या विषयांवर त्याच्याशिवाय निर्णय होतात. चार-पाच वर्षांनी ‘ते कशातच भाग घेत नाहीत’ असे म्हटले जाते. दिव्यांग व्यक्तींचा स्थानिक जीवनातील सहभाग नेमका कुठे तुटतो, कायदा त्याबद्दल काय सांगतो आणि रहिवाशांच्या हातात काय आहे, याचा हा आढावा.

दिव्यांगांची संख्या किती?

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. ही मोजणी जुन्या व्याख्येप्रमाणे झाली होती. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. त्यात स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित अशा अनेकांचा समावेश झाला. त्यामुळे ‘आमच्या सोसायटीत कुणी दिव्यांग नाही’ हे विधान बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीवर केलेले असते. शिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, प्लास्टर घातलेला विद्यार्थी आणि बाबागाडी ढकलणारी आई यांनाही तीच पायरी अडवते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. या कायद्याची व्याख्याच महत्त्वाची आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनाविषयक कमतरता ‘अडथळ्यांशी’ सामना करताना व्यक्तीच्या समाजातील पूर्ण आणि समान सहभागाला बाधा आणते, तेव्हा तिला दिव्यांगत्व म्हटले आहे. म्हणजे अर्धा प्रश्न शरीराचा आणि अर्धा भोवतालच्या रचनेचा. रचना बदलली तर सहभाग वाढतो.

कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तींना समुदायात राहण्याचा हक्क आहे. भारताने २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्यातील हीच तरतूद देशाच्या कायद्यात आली. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. हे नियम जून २०१७मध्ये आले. ती मुदत २०२२मध्येच संपली.

गृहनिर्माण सोसायटीवर हे बंधन आहे का?

इथे थोडा गुंता आहे. कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत सरकारी इमारतींबरोबर लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात. शाळा, दुकाने, दवाखाने, धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीची ठिकाणे, रेल्वे स्थानके, बसस्थानके या सर्वांचा त्यात उल्लेख आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतील क्लिनिक, सभागृह आणि मंदिर या व्याख्येत बसतात. निव्वळ निवासी इमारतीचा मात्र त्यात थेट उल्लेख नाही. नव्या इमारतींना बांधकाम नियमावलीतील अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी पाळाव्या लागतात. जुन्या सोसायट्यांमध्ये मात्र बराच भार सर्वसाधारण सभेच्या ठरावावर येतो. ज्याच्यासाठी रॅम्प हवा तोच सभेला पोहोचू शकत नाही, ही खरी कोंडी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने काय स्पष्ट केले?

राजीव रतुडी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. २०१७च्या नियमांतील नियम १५ हा केवळ शिफारशीसारखा आहे, कायद्याला मात्र बंधनकारक मानके अपेक्षित आहेत, असे सांगून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला ३ महिन्यांत बंधनकारक नियम आखण्यास सांगितले.

निकालात दोन संकल्पनांमधील फरकही मांडला आहे. सुगम्यता म्हणजे कुणी मागण्याआधीच, सर्वांसाठी केलेली रचना. उदाहरणार्थ, प्रवेशद्वाराचा रॅम्प. वाजवी सोय म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या विशिष्ट गरजेनुसार केलेला बदल. उदाहरणार्थ, एखाद्या सभासदासाठी सभा गच्चीऐवजी तळमजल्यावर घेणे. एक असली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

रॅम्प तर आहे, मग अडचण काय?

अनेक इमारतींमध्ये दिसणारा उतार प्रत्यक्षात स्कूटर चढवण्यासाठी केलेला असतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या सार्वत्रिक सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार १:१२ हवा. म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी.

हिशेब सोपा आहे. प्रवेशद्वाराला १५ सेंटीमीटरच्या ३ पायऱ्या असतील तर एकूण उंची ४५ सेंटीमीटर. त्याला १२ने गुणले की ५४० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लांबीचा रॅम्प लागतो. पायऱ्यांवर टाकलेली ६ फुटांची लोखंडी पट्टी १:४ उताराची होते. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवणे जवळपास अशक्य आणि उतरवताना ती उलटण्याची भीती. जागा कमी असेल तर रॅम्प इंग्रजी ‘एल’ किंवा ‘यू’ आकारात वळवता येतो. किमान १.२ मीटर रुंदी, दोन्ही बाजूंना कठडा आणि वळण्यासाठी दीड मीटर मोकळी जागा या बाकीच्या गरजा. एवढे करून रॅम्पच्या तोंडाशी कुणी दुचाकी लावली तर सगळेच वाया.

गेटच्या बाहेर काय परिस्थिती?

सोसायटीतून बाहेर पडल्यावर पुढचा अडथळा फूटपाथचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मुंबईत फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळ होते की व्हीलचेअरही आत जाईना. एका व्हीलचेअर वापरकर्त्याने हा प्रकार कळवल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो. तो कुठे थांबेल हे दृष्टिहीन प्रवाशांना कळावे म्हणून फलाटावर ‘बीप’ असा आवाज देणारी यंत्रणा असते. मात्र फलाट आणि डब्यातील उंचीचा फरक, गर्दी आणि डब्यात शिरणारे इतर प्रवासी यांमुळे व्हीलचेअरवरून लोकल पकडणे आजही दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाही.

न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचे काय?

सहभागाचा विषय रॅम्पवर संपत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनेचा फोटो टाकला जातो. दृष्टिहीन सभासदाच्या फोनमधील स्क्रीन रीडर तो बहुधा नीट वाचू शकत नाही. हीच सूचना टाइप करून टाकली तर अडचण लगेच सुटते आणि खर्च शून्य. कर्णबधिर रहिवाशाला लाउडस्पीकरवरील ‘आज पाणी येणार नाही’ ही घोषणा कळत नाही, लेखी संदेश कळतो. स्वमग्न मुलाला ढोल-ताशाचा किंवा डीजेचा आवाज असह्य होऊ शकतो. गणेशोत्सवात आरतीची एखादी वेळ शांत ठेवली तर ते कुटुंबही मंडपात येऊ शकते. मंडपाचा मंच जमिनीलगत असला तर व्हीलचेअरवरील व्यक्तीलाही आरतीचे ताट धरता येते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा सोयींची नसते, वागणुकीची असते. खेळायला कुणी बोलावत नाही, वाढदिवसाचे आमंत्रण येत नाही. यावर कोणतेही कलम लागू होत नाही. ते काम शेजाऱ्यांचेच.

निधी आणि दाद कुठे मागायची?

महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. आपल्या प्रभागात तो कशावर खर्च झाला, याची माहिती माहिती अधिकारात मागता येते. राज्याने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. तक्रारीसाठी पुण्यात राज्य दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. चौकशीच्या कामासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करून ३ महिन्यांत कळवायचे असते. कायद्याचा पहिला भंग केल्यास १० हजार रुपयांपर्यंत, तर पुढील भंगासाठी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सोसायटीला लगेच काय करता येईल?

- सभा तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये घ्या. जागा ठरवण्याआधी दिव्यांग आणि ज्येष्ठ सभासदांना विचारा.
- सूचना फोटोऐवजी मजकूर स्वरूपात पाठवा. फलकावरही मोठ्या अक्षरात लावा.
- रॅम्प बांधण्याआधी उताराचे गणित करा आणि तो जो वापरणार आहे त्याच्याकडून तपासून घ्या.
- रॅम्प, लिफ्ट आणि जिन्यासमोर वाहने व कुंड्या ठेवू नका. सुरक्षारक्षकालाही तशी सूचना द्या.
- मदत करण्याआधी विचारा. न विचारता व्हीलचेअर ढकलणे किंवा दृष्टिहीन व्यक्तीचा हात ओढणे टाळा.
- आग किंवा भूकंपाच्या वेळी कुणाला मदत लागेल याची यादी त्यांच्या संमतीने तयार ठेवा. लिफ्ट बंद असताना ती सर्वांत उपयोगी पडते.

पुनर्विकास ही संधी का?

उपनगरांत हजारो जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. उभ्या इमारतीला रॅम्प किंवा लिफ्ट जोडणे खर्चिक आणि जागेअभावी अनेकदा अशक्य असते. आराखड्याच्या टप्प्यावर मात्र ९०० मिलिमीटरचा दरवाजा, पायरीविना प्रवेश, व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट आणि बोलणारी मजला सूचना यांचा अतिरिक्त खर्च तुलनेने किरकोळ असतो. विकासकाबरोबरच्या करारात कार्पेट एरिया आणि पार्किंगवर जितकी चर्चा होते, त्यातली १० मिनिटे यासाठी दिली तरी पुढची ५० वर्षे प्रश्न मिटतो.

निवडणूक आयोगाने ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय दिली आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत अनेक गृहनिर्माण संकुलांतच मतदान केंद्रे उघडण्यात आली. आमदार निवडण्यासाठी मतपेटी दारापर्यंत येऊ शकते, तर सोसायटीची समिती निवडण्यासाठी सभा चार मजले खाली यायला हरकत नसावी.