यात्रा, लस आणि स्टेरॉईडची गोळी

व्यापारी मनुष्य वर्षभर गादीवर बसून असतो. म्हणूनच की काय, यात्रेचे नाव निघताच त्याच्या उत्साहास उधाण येते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या गावाहून श्री सम्मेदशिखरजीस निघालेल्या कुटुंबास खंडवा, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, गया असा दीर्घ रेल्वेप्रवास करून पारसनाथ स्थानक गाठावे लागते. कोणाचे आप्त नैरोबीस व्यापारानिमित्त स्थायिक झालेले असतात. त्यांच्या घरच्या लग्नकार्यास जाणेही ओघानेच येते. तिकिटे, शिधा, भेटवस्तू यांची यादी आपण दोन-दोन महिने आधी करतो. परंतु घरातील कोणी स्टेरॉईडचे औषध घेत असेल, तर त्या यादीच्या शिरोभागी कोणती नोंद हवी, याचा विचार क्वचितच होतो. तो व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणास खिळलेला रुग्ण थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागला. १९५० साली हेंच, केंडाल व राईशस्टाईन या तिघांस या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आज दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे व त्वचेचे विकार अशा अनेक व्याधींत प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या दिल्या जातात. औषध उपकारक खरे; पण ते शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते व रक्तातील साखर वाढविते. २०२१ च्या कोरोना लाटेत मधुमेह आणि स्टेरॉईड यांच्या संयोगाने काळ्या बुरशीचा आजार किती बळावला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

समजा, आपल्यातीलच एक दुकानदार बंधू सांधेदुखीसाठी रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत आहेत आणि त्यांना नैरोबीस जावयाचे आहे. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र असावे लागते. नसल्यास त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ही लस जिवंत परंतु क्षीण केलेल्या विषाणूंची असते. सशक्त मनुष्याचे शरीर त्या विषाणूंस सहज आवरते. प्रतिकारशक्ती दबलेल्या शरीरात मात्र तेच विषाणू गंभीर आजार उत्पन्न करू शकतात. म्हणून रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा अधिक काळ घेणाऱ्यास जिवंत लस देत नाहीत. डॉक्टरांनी औषध थांबविल्यावरही निदान एक महिना वाट पाहावी लागते. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या यांच्या लसी व तोंडाने घ्यावयाची विषमज्वराची लसही जिवंतच होत. साठी उलटलेल्यांनी पीतज्वराची लस प्रथमच घेताना अधिक सावध असावे.

याउलट इन्फ्लुएंझाची व विषमज्वराची टोचून दिली जाणारी मृत लस, हिपॅटायटिस ब, धनुर्वात, रेबीज या लसी अशा रुग्णांस देता येतात. फार तर त्यांचा प्रभाव थोडा उणा पडतो. दम्याचा पंप किंवा त्वचेस लावावयाचे मलम यांमुळे सहसा जिवंत लसीसही अडचण येत नाही. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

येथे दूरदृष्टीचे मोल कळते. पीतज्वराची लस टोचून घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते, आणि २०१६ पासून ते आजन्म चालते. दीर्घकाळ स्टेरॉईड घ्यावे लागेल असे दिसताच, परदेशगमन संभवत असल्यास, ‘औषध सुरू होण्यापूर्वी लस घेता येईल काय?’ हे डॉक्टरांस विचारावे. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तेव्हा धूलकोटकरांस मोठे शहर गाठावे लागेल. लस देणे शक्यच नसेल, तर डॉक्टरांचा लेखी दाखला घेऊन विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आगाऊ चौकशी करावी. दाखल्याने विलगीकरण टळेलच असे मात्र गृहीत धरू नये.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. लस घेता यावी किंवा व्रत निर्विघ्न पार पडावे म्हणून कोणी आपल्याच मनाने गोळ्या बंद करतो. बऱ्हाणपूरच्या विणकरांच्या भाषेत सांगावयाचे तर, बाहेरून तयार कापड येऊ लागले की घरचा माग थांबतो. गोळी बाहेरून मिळू लागली की मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथी आपले काम आवरते घेतात. गोळी एकाएकी बंद केली, तर थांबलेला माग त्याच दिवशी चालू होत नाही. रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. औषध कमी करावयाचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

शिखरजीची वंदना चढउतारासह सुमारे २७ किलोमीटरची. पहाटेच्या अंधारात निघून अनेक यात्रेकरू उतरून आल्यावरच अन्न घेतात. स्टेरॉईड घेणाऱ्याच्या मांड्यांचे स्नायू व हाडे दुबळी झालेली असू शकतात; त्याने डोलीचा आश्रय घेण्यात कमीपणा मानू नये. सकाळची मात्रा नवकारशीनंतर न्याहारीबरोबर घेता येते. मात्र वंदनेच्या दिवशी किंवा उपवासात ती केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. पच्चक्खाण घेण्याआधी महाराजसाहेबांस औषधाची कल्पना द्यावी.

निघताना गोळ्या गरजेच्या दुप्पट घ्याव्यात व हाताजवळच्या पिशवीत ठेवाव्यात. सामान हरवते, गाड्या खोळंबतात. औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. ज्वर आल्यास मात्रा किती वाढवावी, हे लिहून घ्यावे. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे स्टेरॉईडचे इंजेक्शन द्यावे लागते. कांजिण्या झालेल्या मुलाचा सहवास घडल्यास तेही डॉक्टरांस तत्काळ कळवावे. नैरोबीचे घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे आहे. तेथे तेथील सकाळीच गोळी घ्यावी.

प्रस्थानापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांची एक भेट, एवढाच या साऱ्याचा खर्च. दिवाळीच्या वहीपूजनास आपण जमाखर्च तपासतो. यात्रेपूर्वी देहाचाही तपासावा. आपणा सर्वांच्या यात्रा निर्विघ्न पार पडोत आणि घरची मंडळी सुखरूप घरी परतोत, हीच सदिच्छा.