मेस बंद? पातेलं चालू!

रविवारची रात्र. मेसला सुट्टी. त्यात महिन्याची २६ तारीख, म्हणजे अकाउंटला किती उरलेत हे बघायचीही भीती! घरून फोन येतो, ‘जेवण झालं का?’ आणि बिस्किटाचा पुडा बाजूला सरकवत तुम्ही म्हणता, ‘हो, आत्ताच!’

शिकायला घराबाहेर राहणाऱ्यांना हे नवीन नाही. अशा वेळी दोनच पर्याय सुचतात, ऑनलाइन ऑर्डर नाहीतर नूडल्स. पण जरा आठवा. ताप आला, पेपर अवघड गेला, की घरी ताटात काय यायचं? मऊ भात, उकड, पिठलं. ‘कम्फर्ट फूड’ हा शब्द आपण आत्ता शिकलो, पदार्थ आधीपासून घरातच होते. आणि घरात भाजी नाही, करणारं माणूस दमलंय, अशाच दिवसांसाठी ते असतात. म्हणूनच स्वस्त आणि झटपट! पुढची प्रमाणं दोघांपुरती आहेत.

मेतकूट-भात
पाऊण वाटी तांदूळ, साडेतीन वाट्या पाणी, मीठ. कुकरला ४-५ शिट्ट्या. महागाचा तांदूळ कशाला, कणी घ्या, भात आणखी मऊ होतो. वर तूप आणि चमचाभर मेतकूट. भाजलेल्या डाळी, तांदूळ आणि गहू दळून त्यात मेथी, हिंग, सुंठ असा मसाला, म्हणजे मेतकूट. त्यामुळे वेगळं वरण नसलं तरी भागतं. आजारी असाल तर हाच भात करा.

तांदळाची उकड
एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी आणि मीठ एकत्र कालवा. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता घालून त्यावर हे ओता. आता हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या! घट्ट व्हायला लागलं की मंद आचेवर ५-७ मिनिटं झाकण. वर कच्च्या तेलाची धार, आणि गरमागरमच खायची. रील बघत बसलात तर गोळा होईल.

फोडणीची पोळी
दुपारच्या डब्यातल्या पोळ्या उरल्यात? कुस्करून ठेवा. काहींच्या घरी तर याला कुस्कराच म्हणतात. फोडणीत आधी शेंगदाणे, मग कांदा परता. पोळीचा चुरा, तिखट, मीठ, चिमूटभर साखर घालून एक वाफ. पोळ्या कडक झाल्या असतील तर पाण्याचा हबका मारा.

गॅसच नाही?
कित्येक होस्टेलमध्ये शेगडीला बंदी असते. मग पातळ पोहे घ्या. कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट हाताने नीट चोळून लावा, वर कांदा आणि लिंबू. ओलं खोबरं मिळालं तर कोकणातले दडपे पोहे करून बघा. खोबरं, कांदा आणि नारळाचं पाणी पोह्यांना लावून थोडा वेळ झाकून, दडपून ठेवायचे. तेही नको? दही घाला, दहीपोहे तयार.

आणि प्यायला?
सबमिशनसाठी जागताय? चौथ्या चहाऐवजी नाचणीची आंबील घ्या. तीन चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा, दोन कप उकळत्या पाण्यात ओतून ५ मिनिटं ढवळा. कोमट झाल्यावरच ताक घाला, गरम असताना घातलं तर फाटतं. मीठ, जिरेपूड टाकली की झालं. पोटाला आधार मिळतो आणि झोपही उडत नाही. सर्दी झालीय? गवती चहाची पात आणि आलं साखर घालून उकळा. दूध नसलं तरी चालतं.

यासाठी लागतं काय? मेतकूट, तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ, पोहे आणि शेंगदाणे. पाच छोटे डबे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात सहज मावतात. सुट्टीला घरी गेलात की भरून आणा.

आणि शेजारच्या कॉटवरचं माणूस ‘मला भूक नाही’ म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. महिन्याची २६ तारीख त्याचीही असते. दुसरी ताटली काढा!