काळ्या कातळाखालचा समुद्र

मुंब्र्याचा डोंगर वा मलंगगड कितीही पालथा घातला तरी खडकात शिंपला सापडायचा नाही. तो सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मात्र मध्य प्रदेशातील बाघ परिसरात याच दख्खनी कातळाखाली सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे. नर्मदेच्या खोऱ्यात तेव्हा समुद्र शिरला होता. त्यातील एका थराला जुन्या भूवैज्ञानिकांनी ‘कोरॅलाइन’ म्हटले. वस्तुतः त्यात पोवळी नव्हेत, तर ब्रायोझोआ या सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या वसाहतींचे तुकडे खच्चून भरले आहेत. हा फरक क्षुल्लक नव्हे. पोवळी म्हटले की जागच्या जागी वाढलेले प्रवाळाचे बेट डोळ्यांपुढे येते. ब्रायोझोआ पाण्यातून अन्न गाळून घेतात, गाळाने गुदमरतात. तेव्हा पाणी बरेचसे नितळ असावे. शिवाय तुकडे मोडलेले, थर तिरपे. म्हणजे समुद्र उथळ आणि प्रवाह जोरदार.